चौसष्ट संगणकांची सरळ रेघ

"बघितलं, सर," आश्लेषा म्हणाली आणि तिनं कागद मला परत दिला.

"मग?"

"बघितलं ना. सोमवारी सादरीकरण आहेच."

एवढं बोलून ती लॅबच्या दुसऱ्या टोकाला कुणाचातरी अडकलेला प्रोग्रॅम सोडवायला निघून गेली. मी कागद हातात धरून तसाच उभा. त्या कागदावर एक आलेख होता आणि आलेखात एक रेघ, पट्टी लावून ओढल्यासारखी. वर्गात कुणाचीच इतकी सरळ आली नव्हती. माझ्या शेजारी बसणाऱ्या यशोधननं ती बघून शिट्टी वाजवली होती. आणि जिला मी स्वतः फळ्यासमोर उभं राहून शिकवलं, ती पोरगी म्हणते, बघितलं.

हा उलटा संसार कसा झाला ते सांगतो. मी दिगंबर काळदाते, बार्शीकडच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात न्यूमेरिकल मेथड्स शिकवत होतो. जी गणितं सूत्रानं सुटत नाहीत ती आकडे घालघालून कशी सोडवायची, हा विषय. पीएचडी नसेल तर पुढची बढती विसरा, असा फतवा निघाला आणि चाळिशी उलटल्यावर मी पुण्यातल्या एका नामवंत संस्थेत विद्यार्थी म्हणून दाखल झालो. निघताना कॉलेजनं शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. प्राचार्यांनी भाषणात माझा उल्लेख "आपले भावी डॉक्टर" असा केला. इथं येऊन पाहतो तो काय, ज्या कोर्सला मी बसणार त्याची टीचिंग असिस्टंट आश्लेषा होनराव! माझ्याच हाताखालून गेलेली. ती माझे पेपर तपासणार.

ती मला सगळ्यांसमोर "सर" म्हणायची. त्यामुळे हळूहळू वर्गातली सगळी पोरं मला सर म्हणायला लागली. शिपायानं एकदा माझ्यासाठी खुर्ची आणून दिली. मी तिला काय म्हणायचं हे मात्र शेवटपर्यंत ठरलं नाही. मॅडम म्हणायला जीभ वळेना आणि अगं-तुगं करायला वर्गात लाज वाटायची, म्हणून मी तिला हाकच मारायचो नाही. नुसता हात वर करायचो.

कोर्स होता अवाढव्य गणितं शेकडो संगणकांना वाटून देऊन सोडवायचा. एका संगणकाला महिनाभर लागेल असं काम तुकडे करून चौसष्टांना दिलं तर ते किती लवकर होतं? ऐकायला सोपं वाटतं. पण तुकड्यांच्या कडा एकमेकांना लागलेल्या असतात, त्यामुळे हे संगणक एकमेकांना सारखे निरोप देत बसतात आणि कामापेक्षा गप्पांतच त्यांचा वेळ जातो. म्हणून संगणक दुप्पट केले तरी वेग दुप्पट होत नाही. बहुतेकांच्या आलेखातली रेघ थोडी वर चढून मग मान टाकते. ती मान ताठ ठेवायची, यासाठी सगळ्या वर्गाची सत्र संपेपर्यंत मारामारी.

पहिल्या वर्षी या कोर्सला मला सी मिळाला होता. निदान बी हवा, नाहीतर नोंदणी रद्द. दुसरी संधी मिळते, तिसरी नाही. म्हणजे सोमवारी त्या रेघेवर काय ते ठरणार होतं. एकतर मी पुण्यात राहणार, नाहीतर जी शाल घेऊन आलो तीच पांघरून बार्शीला परत. प्राचार्यांनी मध्यंतरी फोन करून मोठ्या आपुलकीनं विचारलंही होतं, "काळदाते, पुढच्या सत्राचं टाइमटेबल लावतोय. तुमचं नाव घालू का?"

तर असं असताना ती म्हणते, बघितलं.

मला चैन पडेना. खोलीवर आलो, पुन्हा लॅबमध्ये गेलो, पुन्हा खोलीवर. प्रोजेक्ट जमा झाला होता, आता त्यातला एक स्वल्पविरामही बदलता येणार नव्हता. तरी मी प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचून काढला. माझं गणित होतं धरणाच्या भिंतीत नव्यानं ओतलेल्या काँक्रीटचं. काँक्रीट घट्ट होताना आतून तापतं आणि नीट निवलं नाही तर तडकतं. त्या भिंतीचे लाखो चौकोनी ठोकळे कल्पायचे आणि प्रत्येकाचं तापमान कुठं स्थिरावतं ते काढायचं. चूक कुठंच सापडेना. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं, अशी माझी अवस्था.

शनिवारी कँटीनमध्ये आश्लेषा दिसली. मला बघून तिनं ताटातला अर्धा पराठा तसाच सोडला आणि उठली. मी आडवा गेलो.

"होनराव."

ती दचकलीच. कॉलेजात मी पोरांना आडनावानं हाक मारायचो. तो जुना सूर तोंडातून गेला.

"काय झालंय ते सांग. रेघ खोटी वाटतेय का तुला? मी आकडे बनवलेत असं वाटतंय?"

"नाही हो सर! काहीतरीच काय. मी तुमचा प्रोग्रॅम चालवून बघितला. अगदी तुम्ही लिहिलेत तेच आकडे येतात."

"मग तोंड असं का केलंयस?"

तिनं ताट दुसऱ्या हातात घेतलं. "सर, मला विचारू नका. जमा झालेल्या प्रोजेक्टवर मी कुणाशीच बोलू शकत नाही. इतरांशी बोलले नाही, तुमच्याशी कसं बोलू?"

"म्हणजे बोलण्यासारखं आहे काहीतरी."

"सर, प्लीज," ती म्हणाली आणि गेली.

झालं! संध्याकाळी बायकोला फोन केला. सुलभाला यातलं काही कळत नाही, पण मी कळतो तिला.

"अहो, त्या पोरीनं काही म्हटलंच नाही तर तुम्ही कशाला डोकं पिकवताय?"

"म्हटलं नाही म्हणूनच."

"तुमची विद्यार्थिनी आहे ना ती? सांभाळून घेईल."

"तेच तर," मी म्हणालो. मला वाटत होतं, हिनं सांभाळून घेतलं तरी पंचाईत आणि नाही घेतलं तरी पंचाईत. पण हे फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. मी जेवलो का ते तिनं विचारलं, मी हो म्हणून खोटं सांगितलं.

सोमवारी सकाळी सेमिनार हॉल भरला. आमच्या प्राध्यापिका डॉ. देविका राजाध्यक्ष पहिल्या रांगेत. माझ्याहून वयानं लहान, बोलायला मऊ, गुण द्यायला कडक. त्यांच्या बाजूला आश्लेषा. मॅडमचा एक नियम होता, प्रत्येक सादरीकरणानंतर असिस्टंटनं निदान एक प्रश्न विचारायचा. पोरांना आश्लेषाच्या प्रश्नांची भीती नव्हती. "आकृतीतली ही खूण कशाची?" असलं काहीतरी साधं ती विचारायची आणि पोरं सुटायची.

माझं सादरीकरण झकास झालं. हे काही मी फुशारकी म्हणून सांगत नाही, वर्गासमोर उभं राहणं हाच माझा धंदा होता. रेघ पडद्यावर आली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. यशोधन मागून ओरडला, "सर, पट्टी कुठल्या कंपनीची?" मॅडमसुद्धा हसल्या आणि त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. ते एकच अक्षर असावं असं मला पेनाच्या हालचालीवरून वाटलं. जीव भांड्यात पडला.

"आश्लेषा, तुझा प्रश्न?" मॅडम म्हणाल्या.

आश्लेषा उठून उभी राहिली. इतरांना ती बसूनच विचारायची.

"सर, चौसष्ट संगणकांवर तुमचं उत्तर यायला जेवढा वेळ लागला, त्यापेक्षा कमी वेळात ते एकट्या संगणकावर काढता येईल का?"

पोरं हसली. त्यांना वाटलं, नेहमीसारखा सोपा प्रश्न. मी हसलो नाही. प्रश्न कुठं चाललाय ते मला तिचं वाक्य संपायच्या आतच कळलं.

"येईल," मी म्हणालो. "पद्धत बदलली तर येईल."

"कुठली पद्धत?"

आता, ती पद्धत मीच तिला शिकवली होती. दरवर्षी शिकवायचो. काँक्रीटच्या प्रत्येक ठोकळ्याचं तापमान शेजाऱ्यांच्या तापमानावरून काढायचं असतं आणि अशा फेऱ्या पुन्हा पुन्हा मारायच्या असतात. मी वापरलेल्या पद्धतीत प्रत्येक ठोकळा शेजाऱ्यांचे मागच्या फेरीतले शिळे आकडे घेतो. साधीसुधी, संथ पद्धत. पण यात कुणी कुणासाठी थांबत नाही, म्हणून ती वाटून द्यायला सोन्यासारखी. दुसऱ्या पद्धतीत शेजाऱ्याचा ताजा आकडा हाती येताच तो वापरायचा आणि उत्तराला जरा पुढंच रेटायचं. शेकडो पट कमी फेऱ्यांत काम होतं. म्हणजे मी चौसष्ट घोडे जुंपले होते ते मुद्दाम जड केलेल्या गाड्याला, आणि ते घोडे किती छान ओढतात म्हणून टाळ्या घेत होतो. या क्षेत्रातल्या माणसांना ही भूल फार पडते. रेघ सरळ दिसली की गाडं मुळात केवढं होतं हे कुणी विचारत नाही.

मी हे सगळं सांगितलं. गाड्याचं सोडून. हॉलमधलं हसू थांबलं होतं.

"मग ती पद्धत तुम्ही का घेतली नाही?" मॅडमनी विचारलं. पेन पुन्हा हातात.

"ती वाटून देता येत नाही, मॅडम. ताजा आकडा हवा तर ठोकळ्यांना रांगेनं जावं लागतं. पहिल्याचं झाल्याशिवाय दुसऱ्याचं नाही. चौसष्ट जण असले तरी त्रेसष्ट नुसते उभे."

"खरंच देता येत नाही?"

खरं तर मी विचारच केला नव्हता. वाटून देता येईल अशी पद्धत सापडली, रेघ सरळ आली, बी दिसायला लागला, मग विचार कोण करतो? बार्शीच्या स्टाफरूममधली माझी खुर्ची डोळ्यांसमोर आली. खुर्चीच्या मागं वाकून चौकशी करणारे सहकारीही आले.

मॅडमना माझी दया आली असावी. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "काळदाते, असं बघा. समजा, रांग मोडली आणि ठोकळ्यांचे दोन—"

"मॅडम, थांबा!"

हे आश्लेषा बोलली. मॅडमना मध्येच तोडून. सगळा हॉल तिच्याकडं बघायला लागला आणि मॅडमच्या भुवया वर गेल्या.

"सॉरी मॅडम," ती म्हणाली. "पण सरांना सांगू दे. त्यांना वेळ द्या. मी विनंती करते."

मला इतका संताप आला म्हणून सांगू! मॅडम दोर टाकत होत्या आणि ही कापत होती. माझ्याच विद्यार्थिनीनं भर सभेत माझा गळा धरला होता. कधी हिला कमी गुण दिले होते, कधी वर्गाबाहेर काढलं होतं, मी भराभर आठवायला लागलो. काही सापडेना.

मॅडमनी हाताची घडी घातली. "बरं. घ्या वेळ."

नुसतं उभं राहवेना म्हणून मी खडू उचलला आणि फळ्यावर चौकोनांची जाळी काढायला लागलो. आडव्या रेघा, उभ्या रेघा. हात चालू राहिला की माझं डोकं चालतं, ही सोळा वर्षांची सवय. काढता काढता मी चिडून स्वतःशीच, पण मोठ्यानं बोललो, "रांग मोडायची कशी? प्रत्येक ठोकळा शेजाऱ्याचं बघून लिहितोय. सगळे एकदम लिहायला लागले तर शेजारी खोडतोय की लिहितोय हेच कळणार नाही. शेजाऱ्याचं बघून लिहायचं तर शेजारी गप्प बसलेला—"

आणि मी थांबलो.

शेजाऱ्याचं बघून लिहिणारी माणसं आयुष्यात मी जेवढी बघितली तेवढी त्या हॉलमध्ये कुणी बघितली नसतील. परीक्षेची बैठक व्यवस्था लावणं हे आमच्या कॉलेजात नावडत्या मास्तरांचं काम आणि ते वर्षानुवर्षं माझ्याकडं होतं. पोरांनी एकमेकांचं बघू नये म्हणून काय करतात? एका बाकावर सेकंड इयरचा पोरगा, शेजारी थर्ड इयरचा, मग पुन्हा सेकंड. पुढच्या ओळीत उलटं. म्हणजे पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं, कुठंही मान वळवली तरी शेजारी दुसऱ्याच वर्षाचा.

मी जाळीत भराभर "से" आणि "थ" भरायला लागलो.

"मॅडम, दोन वर्षं करायची!" मी ओरडलोच. "ठोकळ्यांची! हे सगळे सेकंड इयर, हे थर्ड इयर. आधी सेकंड इयरवाले सगळे एकदम लिहितील. त्यांचे शेजारी सगळे थर्ड इयर, ते पेपर उघडा ठेवून गप्प बसलेले. सेकंड इयरचं झालं की त्यांनी पेन खाली ठेवायचं, मग थर्ड इयरनं एकदम लिहायचं, सेकंडचे ताजे आकडे बघून. दोन घंटा वाजल्या की एक फेरी संपली. रांग लागतच नाही. चौसष्टांना वाटा, हजारांना वाटा!"

"आणि भिंतीची उंची?" मॅडम पुढं सरकून बसल्या होत्या. "ठोकळे वरखालीही आहेत."

"वरच्या मजल्यावर उलटी बैठक लावायची. सेकंडच्या डोक्यावर थर्ड."

यशोधन जोरात हसला आणि मग सगळेच हसले. मॅडमनी मला सांगितलं की जगात हे लोक कधीपासूनच करतात, फक्त तिथं ठोकळ्यांना दोन रंग देतात, बाकं नसतात. पुढच्या सत्रात वरच्या कोर्सला त्या हेच शिकवणार होत्या. मग समोरच्या कागदावरचं अक्षर त्यांनी खोडलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमच्या रेघेला मी ए दिला होता, काळदाते. तो आता राहणार नाही, कारण प्रोजेक्टमध्ये हे नव्हतं. बी देते. पुरेल ना?"

पुरेल म्हणजे काय! मी खाली बसलो तेव्हा पोरं पाठीवर थापा मारत होती.

तरी राग उतरला नव्हता. उलट, भीती गेल्यावर त्याला जागा मोकळी झाली. तिनं तोंड उघडलं नसतं तर मी ए घेऊन बाहेर पडलो असतो. आणि जाळीत "से", "थ" सुचलं नसतं तर? दुपारी सायकल स्टँडवर ती कुलूप काढताना सापडली.

"होनराव, माझं काय वाकडं केलं होतंस तू?" रागात माझं वाक्यही उलटं झालं. "मी तुझं काय वाकडं केलं होतं? मॅडम सांगत होत्या ना? सांगू द्यायचं!"

"तुम्हाला येत होतं, सर."

"आलं नशिबानं. नसतं आलं तर?"

"नसतं आलं तर तुम्ही परत गेला असता." तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे लाल होते. मघाशी रडून घेतलं असावं. "मला कळत नव्हतं का ते? शुक्रवारपासून झोप नाही मला. पण मॅडमनी ते वाक्य पूर्ण केलं असतं ना, तर ते उत्तर कायमचं त्यांचं झालं असतं. तुम्हाला नंतर कितीही वेळा सुचलं तरी त्यांचंच."

"तुला काय माहीत?"

तिनं कुलूप लावलं, पुन्हा काढलं.

"माझी फायनल इयरची तोंडी परीक्षा, सर. बाहेरून एक परीक्षक आले होते. त्यांनी मला प्रश्न विचारला. मी विचार करत होते. तुम्ही शेजारी बसला होतात. तुम्ही म्हणालात, 'सांग ना होनराव, राउंडिंग... राउंडिंगमुळे...' मग मला राउंडिंग म्हणावंच लागलं. ते तुमच्याकडं बघून हसले आणि म्हणाले, 'तुमची पोरं हुशार आहेत, काळदाते. तुमचं तोंड दिसेल तोपर्यंत.'" ती थांबली. "मला येत होतं, सर."

आमच्याकडं तोंडी परीक्षेला घरचा परीक्षक बाहेरच्या परीक्षकाशेजारी बसतो आणि आपल्या पोरांना अर्धं उत्तर ओठांवर आणून देतो. सगळेच देतात. न देणाऱ्याला पोरं नावं ठेवतात, आणि मी तर देण्याबद्दल प्रसिद्ध होतो. मी आठवून बघितलं. तो परीक्षक, ती खोली, हिचा तो चेहरा. काहीसुद्धा आठवेना. अशी किती पोरं माझ्यासमोरून गेली होती.

फार वाईट वाटलं मला. माफी मागावी असं मनात आलं, पण ती नुसतीच काढून टाकल्यासारखी झाली असती.

"प्रश्न काय होता?" मी विचारलं.

"कशाला आता, सर."

"विचारतोय ना. काय होता?"

तिनं सायकल पुन्हा स्टँडला लावली. "गणित पायरीपायरीनं सोडवताना पायरी जितकी लहान घ्याल तितकं उत्तर अचूक येतं. मग पायरी हवी तितकी बारीक का करत नाही?"

"मग? का करत नाही?"

ती सायकलच्या दांडीकडं बघत राहिली. बराच वेळ. माझ्या जिभेवर तो 'राउंडिंग' शब्द अक्षरशः वळवळत होता. मी ओठ मिटून धरले.

"कारण प्रत्येक पायरीला संगणक राउंडिंग करतो, म्हणजे थोडासा आकडा तोडतो," ती सावकाश म्हणाली. "पायऱ्या फार बारीक केल्या की त्या फार होतात आणि तोडलेलं सगळं साचत जातं. मग सुधारण्याऐवजी उत्तर बिघडायला लागतं. पण एवढंच नाही, सर. कुठं थांबायचं हे प्रत्येक गणिताचं वेगळं असतं, ते आधी सांगता येत नाही. म्हणून पायरी निम्मी करत जायची आणि प्रत्येक वेळी उत्तर किती हललं ते बघायचं. हलणं कमी होत असेल तर चालू ठेवायचं. हलणं पुन्हा वाढायला लागलं की समजायचं, मागची पायरी बरोबर होती. हे मी आधीच, सेकंड इयरला असताना हॉस्टेलवर करून बघितलं होतं. तेच त्यांना सांगणार होते."

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. त्या वेळी मला ते माहीतही नव्हतं.

"पुढं?" मी विचारलं.